अंधारांत उजळणारी तबकडी
[नभोवाणीवरील भाषण]



‘रेडियम’ हा शब्द मराठी बोलींत आतां अगदीं घरगुती झाला आहे. दुचाकीच्या क्रमांकपट्टीवर चमकतीं अक्षरें चिकटवून देणारा कारागीर आपल्या दुकानावर ‘येथें रेडियमचें काम करून मिळेल’ अशी पाटी लावतो. मुलांच्या खोलीच्या छतावर डकविलेल्या, दिवा मालवितांच उजळणाऱ्या चांदण्यांस आपण रेडियमच्या चांदण्या म्हणतों. रात्रीं मोटारीच्या दिव्यांनीं लखलखणाऱ्या रस्त्याकडेच्या पट्ट्यांनाही तेंच नांव. वास्तविक यांपैकीं एकाही वस्तूंत रेडियमचा कणसुद्धां नसतो. मग हें नांव आपल्याकडे आलें कोठून? तें घड्याळाच्या तबकडीवरून उतरलें असें मानावयास हरकत नाहीं; कारण एके काळीं अंधारांत वेळ दाखविणाऱ्या घड्याळांच्या आंकड्यांवर व कांट्यांवर खरोखरीचें रेडियम लावीत असत. नांवाचें रेडियम आज रस्तोरस्तीं दिसतें. खरें रेडियम मात्र कांहीं घरांतून कपाटाच्या खणांत, रुमालाच्या घडींत, आजोबांची आठवण म्हणून जपून ठेविलेलें असतें, आणि तें तेथें आहे हें घरांतल्या माणसांस बहुधा ठाऊक नसतें.

असें घड्याळ हातांत घालावें काय? तें नातवाच्या हातीं खेळावयास द्यावें काय? बंद पडलें असल्यास घड्याळजीकडे न्यावें काय? या तीन प्रश्नांचीं उत्तरें एकसारखीं नाहींत, आणि तीं कां एकसारखीं नाहींत हेंच आज मला आपणांस सांगावयाचें आहे. प्रथम निर्णय थोडक्यांत सांगून टाकतों. ज्याची कांच शाबूत आहे आणि मागचें झांकण घट्ट आहे, असें एखादें घड्याळ बाळगण्यांत भिण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. तेंच घड्याळ उघडलें, फुटलें, किंवा त्याच्या तबकडीवरील रंग कोणी खरवडला, म्हणजे मात्र त्याचा स्वभाव पालटतो.

रेडियमचा शोध पिएर व मारी क्यूरी या दांपत्यानें १८९८ सालीं लावला. या धातूचे अणु आपोआप फुटत असतात, आणि फुटतांना प्रत्येक अणु वेगवान कण व किरण बाहेर फेंकीत असतो. एक मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा दहा लाखावा भाग, एवढेंच रेडियम घेतलें तरी त्यांतील सुमारें ३७ हजार अणु दर सेकंदास फुटतात. रेडियमचा क्षार झिंक सल्फाइडच्या भुकटींत मिसळला, तर प्रत्येक कणाच्या आघातासरशीं त्या भुकटींत एक सूक्ष्म ठिणगी उठते. अशा असंख्य ठिणग्या मिळून एक हिरवट, मंद प्रकाश होतो. त्याला तेल लागत नाहीं, वीज लागत नाहीं, कीं दिवसाचें ऊनही लागत नाहीं. असा रंग अमेरिकेंत विल्यम हॅमर या अभियंत्यानें १९०२ च्या सुमारास तयार केला.

पहिल्या महायुद्धांत या रंगाला एकाएकीं मोल आलें. खंदकांत बसलेल्या सैनिकानें वेळ पाहण्यासाठीं काडी ओढली तर शत्रूला त्याचा ठाव लागे. उजळत्या तबकडीच्या घड्याळाला काडीची गरज नव्हती. युद्ध संपल्यावर हीं घड्याळें नागरिकांच्या मनगटावर आलीं, आणि गजराच्या घड्याळाच्या रूपानें त्यांच्या उशाशीं येऊन बसलीं. विमानांतील व जहाजांतील मापकांच्या तबकड्यांनाही तोच रंग लागला. दुसऱ्या महायुद्धांत या तबकड्या पुन्हां मोठ्या संख्येनें तयार झाल्या. घड्याळांवर रेडियम लावण्याची चाल मोडली ती १९६० नंतरच्या दशकांत. म्हणजे सुमारें अर्धशतकभर निरनिराळ्या देशांतील कारखान्यांतून हीं घड्याळें बाहेर पडत होतीं, आणि घड्याळ ही वस्तु लोक सहसा टाकून देत नाहींत.

आतां या रंगापासून निघतें तरी काय, तें पाहूं. रेडियम आणि त्याच्या विघटनांतून उत्पन्न होणारीं द्रव्यें मिळून तीन प्रकारचा मारा करतात. त्यांना आल्फा, बीटा व गॅमा अशीं नांवें आहेत. आल्फा कण जड असतो, पण त्याचा पल्ला फार आंखूड. हवेंत तो कांहीं सेंटिमीटर जाऊन थबकतो. साधा कागद त्याला अडवितो. आपल्या त्वचेचा वरचा निर्जीव थरही त्याला आंत शिरूं देत नाहीं. बीटा कण त्याहून पुढें जातो. तथापि घड्याळाची कांच व धातूचें झांकण त्याचा बराचसा जोर मारतात. गॅमा किरण मात्र कांचेंतून व धातूंतून आरपार जातात.

यावरून बंद घड्याळाचा हिशेब सहज समजतो. आल्फा कण कांचेच्या आंत कोंडलेले राहतात. बीटा थोडे बाहेर येतात. गॅमा किरण येतात, परंतु एका तबकडीवरील रेडियम इतकें अल्प असतें कीं ते विरळच असतात, आणि अंतर वाढलें कीं झपाट्यानें आणखी विरळ होतात. अंतर दुप्पट केलें तर मारा चौथ्या हिश्शावर येतो. शिवाय किरणोत्सर्ग ही कांहीं केवळ घड्याळानें घरांत आणलेली गोष्ट नव्हे. जमिनींतून, खडकांतून, आकाशांतून व आपल्या अन्नांतूनही तो सदैव आपल्या अंगावर येत असतो. सबंध जगाची सरासरी काढली तर माणशीं वर्षाला सुमारें २.४ मिलिसीव्हर्ट इतकी मात्रा या नैसर्गिक मार्गांनीं मिळते. अधूनमधून हातांत घातलेल्या एका शाबूत घड्याळानें तींत पडणारी भर सामान्यतः तिच्या मानानें लहान असते. म्हणून पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, सणासमारंभाला आजोबांचें घड्याळ मनगटावर बांधावयास हरकत नाहीं. मात्र तें रोज चोवीस तास बांधून ठेवण्याचें किंवा उशाखालीं घेऊन निजण्याचें कांहीं कारण नाहीं.

परंतु जो आल्फा कण कागदानें अडतो, तोच देहाच्या आंत गेल्यावर सर्वांत घातक ठरतो. बाहेरून येतांना त्याची सारी शक्ति मृत त्वचेवर वांया जाते. आंत असतांना तीच सारी शक्ति लगतच्या जिवंत पेशींत रिती होते. जो चोर साध्या कडीनें दाराबाहेर अडतो, तो एकदां घरांत शिरला म्हणजे त्याला अडविणारी दुसरी कडी नसते. रेडियमच्या बाबतींत हें ज्ञान जगाला मुख्यतः कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींच्या देहांवरून मिळालें, आणि तो इतिहास ठाऊक असल्यावांचून या घड्याळांचा विचार पुरा होत नाहीं.

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत ऑरेंज नांवाचें गांव आहे. तेथें १९१७ पासून तबकड्या रंगविण्याचा एक मोठा कारखाना चालूं होता. पुढें तो युनायटेड स्टेट्स रेडियम कॉर्पोरेशन या नांवानें प्रसिद्धीस आला. काम करणाऱ्या बहुतेक तरुण मुली होत्या, आणि त्यांना नगावर मजुरी मिळे. आंकडे बारीक, कांटे त्याहून बारीक. कुंचल्याचे केंस दोनचार फटकाऱ्यांतच फांकत, मग त्याला पुन्हां टोंक आणावें लागे. त्यासाठीं कुंचला ओठांत धरून फिरवावा, असेंच त्यांना शिकविलें गेलें होतें. आपल्या घरांतून सुईंत दोरा ओवतांना त्याचें टोंक ओठांनीं ओलें करण्याची रीत आहे. ज्या सहजतेनें आपण तें करतों, त्याच सहजतेनें त्या मुली दिवसांतून शेंकडो वेळां रेडियमचा कुंचला ओठांत धरीत. प्रत्येक वेळीं थोडासा रंग पोटांत जाई. हा रंग अपायकारक नाहीं, असें त्यांना सांगण्यांत आलें होतें. त्या काळीं रेडियम ही शक्तिवर्धक वस्तु समजली जाई; रेडियममिश्रित पाण्याच्या बाटल्या औषध म्हणून विकल्या जात. कित्येक मुली गंमत म्हणून तो रंग नखांना लावीत, आणि रात्रीं घरीं परततांना त्यांचे केंस व कपडे अंधारांत चमकत. त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेंत मात्र रसायनज्ञ शिशाचे पडदे व चिमटे वापरीत असत.

रेडियम हें रासायनिक दृष्टीनें कॅल्शियमच्या कुळांतलें आहे. देहाला ही सोयरीक समजते, पण दोहोंतला भेद समजत नाहीं. म्हणून रक्तांत शिरलेलें रेडियम तो हाडांत नेऊन बसवितो. तेथें तें वर्षानुवर्षें आल्फा कणांचा मारा करीत राहतें. त्या मुलींचे दांत दुखूं लागले, काढावे लागले, आणि काढल्या जागेच्या जखमा भरेनात. जबड्याचीं हाडें कुजूं लागलीं. कोणाला रक्तक्षय झाला, कोणाचें हाड साध्या हालचालीनें मोडलें, आणि पुढें कित्येकींना हाडांचा कर्करोग झाला. मॉली मॅगिया ही त्यांपैकीं अगदीं आरंभीं मरण पावलेली. तिचा मृत्यु १९२२ सालीं झाला, आणि मृत्यूचें कारण म्हणून उपदंशाची नोंद झाली. म्हणजे जीव गेला तो गेलाच, वर लौकिकही गेला. पुढें १९२७ सालीं तिची शवपेटी उकरून तपासणी केली, तेव्हां तिच्या हाडांत रेडियम असल्याचें सिद्ध झालें.

हार्वर्ड विद्यापीठांतील सेसिल ड्रिंकर यांनीं १९२४ सालीं कारखान्याची पाहणी करून धोका असल्याचा अहवाल दिला होता. कंपनीनें तो दडपून ठेविला. हॅरिसन मार्टलंड या वैद्यकीय अधिकाऱ्यानें १९२५ सालीं या आजाराचें मूळ रेडियमच होय हें शास्त्रीय रीतीनें दाखवून दिलें. मग ग्रेस फ्रायर व तिच्या चार सोबतिणी यांनीं १९२७ सालीं कंपनीवर फिर्याद केली. पुढच्याच वर्षीं न्यायालयाबाहेर तडजोड झाली. प्रत्येकीस १० हजार डॉलर रोख, वर्षाला ६०० डॉलर आणि औषधपाण्याचा खर्च देण्याचें ठरलें. ज्या डॉक्टर फॉन सोचोकी यांनीं या कारखान्याचा रंग सिद्ध केला होता, ते स्वतःही त्याच द्रव्याच्या परिणामानें १९२८ सालीं मरण पावले. इलिनॉय संस्थानांतील ओटावा या गांवींही असाच कारखाना होता. तेथील कॅथरिन डोनह्यू या कामकरी स्त्रीनें १९३८ सालीं आपल्या घरांत कोचावर पडल्या पडल्या साक्ष दिली, कारण तिला उठून बसण्याचेंही त्राण राहिलें नव्हतें. निकाल तिच्या बाजूनें लागला. त्याच वर्षीं जुलै महिन्यांत ती वारली.

या स्त्रियांनीं आपल्या मागें एक आंकडा ठेविला. रॉब्ली एव्हन्स या पदार्थशास्त्रज्ञानें रेडियम पोटांत गेलेल्या माणसांची तपासणी केली होती. ज्यांच्या देहांत तें अत्यल्प राहिलें होतें, त्यांच्यांत इजा आढळत नव्हती. त्यावरून १९४१ सालीं अमेरिकेंत असें ठरविण्यांत आलें कीं, माणसाच्या सबंध देहांत फार तर ०.१ मायक्रोग्रॅम रेडियम असावें, त्याहून अधिक असूं नये. पुढें अणुबाँबच्या कारखान्यांत प्लुटोनियम हाताळणाऱ्या कामगारांसाठीं जी मर्यादा आंखली, तीही या आंकड्याच्या आधारानेंच. वांचलेल्या कामकरी स्त्रियांच्या प्रकृतीचा अभ्यास शिकागोजवळच्या अर्गोन प्रयोगशाळेंत १९९३ पर्यंत चालूं होता.

आतां हा आंकडा आपल्या खणांतील घड्याळाशीं ताडून पाहूं. मनगटी घड्याळाच्या तबकडीवरील रेडियम बहुधा एका मायक्रोग्रॅमच्या दशांशापासून एका मायक्रोग्रॅमपर्यंत, आणि लष्करी किंवा मोठ्या तबकड्यांवर कधीं कधीं त्याहूनही अधिक असतें. म्हणजे सबंध देहासाठीं जी कमाल मर्यादा ठरली, तेवढें किंवा तिच्या कित्येक पट रेडियम एका तबकडीवर असूं शकतें. हें ऐकून घाबरून जाण्याचें कारण नाहीं. पोटांत गेलेलें सगळेंच रेडियम हाडांत मुरत नाहीं, त्याचा बराच मोठा भाग शरीराबाहेर पडतो. शिवाय त्या मुलींनीं हा रंग महिनोन्महिने, दररोज गिळला होता. घड्याळाची कांच फुटली म्हणून कोणाचा जबडा गळून पडत नाहीं. परंतु कांचेच्या आंत आणि कांचेच्या बाहेर या दोन अवस्थांत जमीनअस्मानाचें अंतर कां आहे, हें या तुलनेवरून ध्यानीं येईल. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाच्या नियमांतही हाच भेद केलेला आहे. ज्यांत एक मायक्रोक्यूरीपर्यंत रेडियम आहे, अशा जुन्या घड्याळांना परवान्यांतून सूट आहे, पण तें घड्याळ शाबूत असलें पाहिजे. रेडियमच्या बाबतींत मायक्रोक्यूरी व मायक्रोग्रॅम हीं मापें जवळजवळ एकच आहेत.

आणखी एक वाट आहे, जी कांचेनें बंद होत नाहीं. रेडियमचा अणु फुटला म्हणजे त्याचा रेडॉन नांवाचा वायु होतो. या वायूचें आयुष्य थोडें असतें, दर ३.८ दिवसांनीं तो निम्मा होतो. तेवढ्या अवधींत तो घड्याळाच्या फटींतून बाहेर निसटूं शकतो, आणि श्वासाबरोबर फुफ्फुसांत गेला तर तेथें अपाय करतो. हवेशीर घरांत एका घड्याळानें विशेष बिघडत नाहीं. परंतु ज्यांना जुन्या घड्याळांचा संग्रह करण्याचा छंद आहे, त्यांनीं हें लक्षांत ठेविलें पाहिजे. इंग्लंडांतील नॉर्दॅम्प्टन व किंग्स्टन या विद्यापीठांच्या संशोधकांनीं २०१८ सालीं ३० जुन्या रेडियमच्या घड्याळांचा संग्रह तपासला. बंद खोलींत त्या संग्रहामुळें साचणारा रेडॉन त्या देशानें घरांसाठीं सुचविलेल्या पातळीच्या १३४ पट भरला. तात्पर्य, एका घड्याळाचा नियम तीस घड्याळांस लागूं पडत नाहीं, आणि निजावयाच्या खोलींतील बंद कपाट ही संग्रहाची जागा नव्हे.

एक समजूत फार पसरलेली आहे, ती येथेंच दूर केली पाहिजे. ‘आमच्या घड्याळाचा उजेड केव्हांच गेला, तेव्हां त्यांतलें रेडियमही संपलें असेल,’ असें पुष्कळांस वाटतें. गोष्ट अगदीं उलट आहे. उजेड देत होती ती झिंक सल्फाइडची भुकटी. कणांच्या अखंड माऱ्यानें ती कांहीं वर्षांतच झिजून निकामी होते. मारा करणारें रेडियम मात्र जसेंच्या तसें राहतें. त्याला निम्में व्हावयास १६०० वर्षें लागतात. अजिंठ्यास वाकाटकांच्या काळीं लेणीं कोरलीं जात असतांना कोणी तेथें रेडियम ठेवून दिलें असतें, तर आज त्यांतील जवळजवळ निम्में आपणांस तेथें मिळालें असतें. मग १९२० सालच्या घड्याळांतील रेडियमपैकीं शंभर वर्षांनंतरही शेंकडा ९५ हून अधिक शिल्लक असावें, यांत नवल तें काय? दिवा विझला, पण निखारा तसाच आहे. शिवाय इतक्या वर्षांत रंगाला बांधून ठेवणारा डिंकही सुकून ठिसूळ झालेला असतो. म्हणून न उजळणारें जुनें घड्याळ हें उघडतांना अधिकच जपावें लागतें; त्याचा रंग भुकटी होऊन झडूं लागलेला असतो.

घड्याळांत रेडियम आहे कीं नाहीं, हें ओळखावें कसें? पहिली खूण म्हणजे घड्याळाचें वय. पहिल्या महायुद्धापासून १९६० नंतरच्या दशकापर्यंतचें घड्याळ असेल, आणि त्याच्या आंकड्यांवर व कांट्यांवर पिवळट किंवा तपकिरी पडलेला रंगाचा जाड थर असेल, तर तें रेडियम आहे असेंच धरून चालावें. कधीं कधीं कांटे वर्षानुवर्षें एकाच जागीं थांबलेले असतात, आणि त्यांच्याखालीं तबकडीवर करपल्यासारखा काळसर डाग उमटलेला दिसतो. ही दुसरी खूण. तिसरी खूण अक्षरांची. रेडियमच्या मागून ट्रिटियम आलें. त्याचे कण इतके दुबळे कीं ते कांचेंतून किंवा त्वचेंतून पलीकडे जात नाहींत, आणि तें दर १२.३ वर्षांनीं निम्में होतें. १९७० सालच्या घड्याळांतील ट्रिटियम आज विसाव्या हिश्शाहूनही कमी उरलें आहे. अशा स्विस घड्याळांवर तबकडीच्या तळाशीं ‘स्विस’ या शब्दाच्या आजूबाजूला ‘टी’ हें इंग्रजी अक्षर छापलेलें असतें. जपानांत १९९३ सालीं स्ट्रॉन्शियम अॅल्युमिनेटचा नवा रंग निघाला. तो दिवसाचा उजेड सांठवून रात्रीं परत देतो आणि किरणोत्सर्गी मुळींच नाहीं. स्ट्रॉन्शियम या नांवानें दचकूं नये. आजच्या बहुतेक घड्याळांवर हाच रंग असतो.

मात्र या खुणा बाजारांत फसवितात. मुंबईच्या चोरबाजारांत व इतरत्र जुनीं घड्याळें तबकडी नव्यानें रंगवून, निरनिराळ्या घड्याळांचे भाग एकत्र जुळवून विकलेलीं असतात. तबकडी नवी आणि कांटे मात्र जुने, असाही प्रकार आढळतो. निश्चित निर्णय हवा असेल तर गायगर मापक नांवाचें उपकरण तबकडीजवळ धरावें लागतें. रेडियम असेल तर तें बंद कांचेंतूनही कडकडूं लागतें. ट्रिटियम असेल तर गप्प राहतें.

यापुढें दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर फार लांबविण्याची गरज नाहीं. लहान मुलांच्या हातीं असें घड्याळ खेळण्यासाठीं देऊं नये. मूल वस्तु आपटतें, उघडतें आणि तोंडांत घालतें. ज्या तीन गोष्टी या घड्याळाच्या बाबतींत होऊं नयेत, त्या तिन्ही तें एका तासांत करून मोकळें होतें. घड्याळाची कांच फुटलीच तर तें फुंकूं नये व केरसुणीनें झाडूं नये, कारण भुकटी हवेंत उडते. ओल्या कागदानें हलक्या हातानें तुकडे व भुकटी टिपून घ्यावी. घड्याळ आणि तो कागद प्लॅस्टिकच्या पिशवींत घालून तिचें तोंड बंद करावें. मग साबणानें हात स्वच्छ धुवावे, आणि तोंवर खाणेंपिणें करूं नये. घरीं बसून झांकण उघडण्याचा किंवा कांट्यांवरील रंग सुईनें काढून पाहण्याचा मोह कोणींही धरूं नये.

आणि हें घड्याळ भयानें केरांत फेंकूं नये, किंवा भंगारवाल्यासही देऊं नये. दिल्लीच्या मायापुरी भागांत २०१० सालीं कोबाल्टचें एक किरणोत्सर्गी यंत्र भंगारांत विकलें गेलें, आणि तें काय आहे हें न समजतां हाताळणाऱ्यांपैकीं एका कामगाराचा मृत्यु झाला. त्या यंत्राशीं घड्याळाची तुलना होऊं शकत नाहीं. त्याची शक्ति अफाट होती. पण धडा तोच आहे: वस्तु ज्याला ठाऊक नाहीं, त्याच्या हातीं ती मुकाट्यानें ढकलणें हा अपराध आहे. आपल्या देशांत किरणोत्सर्गी द्रव्यांविषयींचे नियम पाहणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ सालीं स्थापन झालें असून त्याची कचेरी मुंबईंतच, अणुशक्तिनगरांत आहे. फुटक्या घड्याळाचें काय करावें, हें अशा अधिकारी ठिकाणीं विचारावें.

राहिला तिसरा प्रश्न, घड्याळजीचा. माझ्या मतें तिन्हींत तोच अधिक गंभीर आहे, कारण त्यांत धोका आपला नसून दुसऱ्याचा असतो. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून तबकडीवर इतका वांकतो कीं त्याचें नाक तिच्यापासून वीतभरही दूर नसतें. तो कांटे उपटतो, जुना रंग खरवडतो, आणि बारीक कचरा तोंडानें फुंकून टाकतो. त्याच्या त्या चिमुकल्या टेबलावर दुपारचा डबा उघडला जातो आणि चहाचा पेलाही तेथेंच टेकविला जातो. आपल्या घरीं एकच घड्याळ असतें. त्याच्या हातांखालून आयुष्यभरांत अशीं किती जातात, याचा हिशेब नाहीं. त्याला आपण काय देत आहों, हें आपण सांगितलें नाहीं तर दुसरें कोण सांगणार?

म्हणून दुरुस्तीस देतांना स्पष्ट सांगावें कीं, ‘या तबकडीवर रेडियम आहे, रंग खरवडूं नका, फुंकूं नका, तबकडी पुन्हां रंगवावयाची नाहीं.’ केवळ कमान मोडली असेल किंवा तेलपाणी करावयाचें असेल, तर ज्याला या कामाची माहिती आहे, जो हातमोजे व तोंडावर योग्य मुखपट्टी घालून, ओल्या कापडानें टेबल पुसून काम करतो, अशाच कारागिराकडे जावें. तसा कारागीर मिळत नसेल, तर घड्याळ बंदच राहूं द्यावें. वेळ दाखविण्यासाठीं आज दुसरीं साधनें पुष्कळ आहेत; आठवणीसाठीं तें चालूं असण्याची आवश्यकता नाहीं. कांचेच्या छोट्या पेटींत, मुलांच्या हातास न लागेल अशा व हवेशीर जागीं तें ठेवावें, आणि पेटींत एक चिठ्ठी घालावी: ‘तबकडीवर रेडियम आहे, उघडूं नये.’ आपण नसूं तेव्हां तें घड्याळ ज्यांच्या हातीं जाईल, त्यांना ही चिठ्ठी उपयोगी पडेल; कारण रेडियमचा बहुतेक भाग तेव्हांही तेथेंच असणार आहे.

ऑरेंज व ओटावा येथील त्या मुलींना कुंचला ओठांत धरण्यापूर्वीं हें एक वाक्य कोणी सांगितलें असतें, तर त्यांतील पुष्कळजणी म्हाताऱ्या झाल्या असत्या. सांगणारे होते, त्यांनीं सांगितलें नाहीं. आपल्या घरांतील घड्याळाविषयीं तेवढें एक वाक्य सांगणें आपल्या हातीं आहे, आणि त्याला खर्चही कांहीं येत नाहीं. आज घरीं गेल्यावर, किंवा घरींच असाल तर हें भाषण संपल्यावर, तो खण एकदां उघडून पाहावा, इतकीच विनंति करून मी आपली रजा घेतों.